आमच्याकडं काळोख झालाय

"काकू, बसा हो आत! अडतीस माणसं खोळंबलीयत तुमच्यामुळे."

ओगले बसच्या पायरीवर उभे राहून अक्षरशः हात जोडत होते. शेगुलाआत्या फुटपाथवर हाताची घडी घालून उभी होती. अंजिरी साडी, वर तपकिरी स्वेटर, डोक्यावरून पदर. जेरुसलेममधली डिसेंबरची सकाळ होती आणि थंडीनं माझे दात वाजत होते.

"मी गाडीत बसणार नाही," आत्या म्हणाली. "आज शनवार आहे."

"शनिवार आहे हे मला ठाऊक आहे. कार्यक्रमातच लिहिलंय. शनिवार, जुनं शहर."

"आधी शुक्रवार लिहिलं होतंत."

ते खरं होतं. ठाण्यात नावं नोंदवताना याच ओगल्यांनी आत्याला छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, काकू, तुमच्या प्राचीन मंदिराच्या उरलेल्या भिंतीपाशी तुम्हाला शुक्रवारी नेणार आणि शनिवार तुमचा मोकळा. मग जॉर्डनच्या हद्दीवर सहा तास गेले आणि शुक्रवारची भिंत शनिवारवर गेली. कुणी आत्याला विचारलं नाही. जेवताना सहज सांगून टाकलं, जसं काही वरणाऐवजी आमटी केली होती.

"ओगले, शब्द तुम्ही दिला होतात," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. माझा चढतोच. बँकेत मला 'तोफ' म्हणायचे, आणि निवृत्त झाले तरी त्यात फरक पडलेला नाही.

"नाओमीताई, तुम्ही तरी समजावा. तुम्ही कुठे पाळता शनिवार? मघाशी लिफ्टनंच आलात ना खाली?"

आले होते. आत्या चार मजले जिन्यानं उतरली होती आणि मी लिफ्टनं. बसमध्ये कुणीतरी हसलं.

"ती पाळत नसली तरी आमचीच आहे," आत्या ओगल्यांना म्हणाली. "घरचं माणूस आहे ते. तुम्ही न्या हो तुमची गाडी. आम्ही चालत येतो."

"अहो, दीड मैल आहे! तुमचे गुडघे..."

"गुडघे माझे आहेत."

बस गेली. आत्या आणि मी चालायला लागलो.

आम्ही पेझारकर. मूळचे अलिबागकडचे, बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी. आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या तेलाचा घाणा होता. शनिवारी तो बंद असायचा, म्हणून गावानं आम्हाला नाव दिलं होतं शनवार तेली. आमचे लोक बहुतेक प्रार्थना विसरले, पोथ्या गेल्या, भाषा गेली, मराठीशिवाय दुसरं काही बोलता येईना. शनिवार तेवढा गेला नाही. हे आत्यानं विमानतळापासून बसमधल्या प्रत्येकाला सांगितलं होतं, आणि ती जे सांगायची ते नेहमी अभिमानानंच.

माझे बाबा, म्हणजे आत्याचे धाकटे भाऊ हायीम, एकसष्ट साली इस्रायलला गेले होते, कायमचे. दोन वर्षांनी परत आले. तिथे त्यांचं लग्न ठरलं आणि कुठल्याशा कचेरीत त्यांना विचारलं, तुमच्या आईची आई कोण, तिची आई कोण, ते सगळे यहुदीच होते याला पुरावा काय? घाण्यावरचा माणूस पणजीचा कागद कुठून आणणार? मुलीकडच्यांनी थोडे दिवस वाट पाहिली आणि मग पाहिनासे झाले. बाबा ठाण्याला आले, इथेच लग्न केलं, आणि त्यानंतर त्या देशाचं नाव त्यांनी घरात काढू दिलं नाही. ते गेले त्याच्या दुसऱ्या वर्षी आत्या मला म्हणाली, "बाय, मला एकदा तिथं ने. शनवारचा दिवस धरून भिंतीपाशी उभं राहायचंय. पाहुणी म्हणून नाही. घरची म्हणून." शनवार पाहिजे म्हणाली, मग शनवारी गाडीत बसायचं नाही म्हणून शुक्रवार ठरला, आणि शेवटी शनवारच आला. "त्यालाच ठाऊक," ती वाटेत म्हणाली, "चालत ये म्हणाला असेल."

वाटेत ती खुशीत होती. ओगल्यांवरचा राग तिचा केव्हाच उतरला होता. माझा उतरला नव्हता.

"पण काल गोष्ट मजेची सांगितली हो त्यानं," आत्या म्हणाली. आदल्या दिवशी बसमध्ये ओगल्यांनी माइक हातात घेऊन सगळ्यांना सांगितलं होतं की इथले धार्मिक लोक शनिवारी दिव्याचं बटणसुद्धा दाबत नाहीत. परक्या, म्हणजे यहुदी नसलेल्या माणसाला 'दाब' असं सांगतही नाहीत. नुसतं म्हणतात, आमच्याकडे काळोख आहे हो. ज्यानं समजायचं त्यानं समजायचं. सगळी बस हसली होती.

"हसण्यासारखं काय त्यात?" मी म्हणाले.

"अगो, आई तेच करायची! शेजारी हिरू होती, आगरीण. शनवारी दिवेलागण झाली की आई कुडापाशी जाऊन म्हणायची, 'काय गो हिरू, आमच्याकडं काळोख झालाय.' बस, तेवढंच. हिरू यायची, चिमणी लावायची. आई म्हणायची, 'देव तुझं भलं करो.' मग हिरू जायची."

"आणि हिरू आली नाही तर?"

"तर काळोखात बसायचं. घरच्या माणसाला नाही सांगायचं ते. एकदा तुझा बाप उठला लावायला, सहा वर्षांचा असेल, तर आईनं हात धरला त्याचा. घरचं माणूस काळोखात बसतं, म्हणाली."

जुन्या शहराचा तट दिसला तेव्हा आत्या थांबली. त्याचे पिवळसर दगड सरळ लांबपर्यंत गेले होते. याफा दरवाजातून आत शिरल्यावर पायऱ्या पायऱ्यांचा बाजार लागला. अरबांची दुकानं उघडी होती, मसाल्यांची पोती, लाकडी क्रूस, जपमाळा, पितळेच्या समया, सगळं एकाच दुकानात. कुठूनशी चर्चची घंटा झाली आणि ती संपायच्या आत बांग सुरू झाली. येशूच्या थडग्याकडे जायची पाटी होती.

"सगळ्यांचे देव एकाच आवारात राहतात की गो," आत्या म्हणाली.

"मग आधी कुठे?"

"आधी आपल्याकडं. मग ते बघू."

एका हातानं माझा दंड आणि दुसऱ्यानं कठडा धरून ती पायऱ्या उतरत होती. तिच्या मुठीत कागदाची घडी होती. शनिवारी लिहायचं नाही, म्हणून शुक्रवारीच सूर्य मावळायच्या आत हॉटेलच्या कागदावर लिहून ठेवलेली. मी वाचली होती. 'हायीम एलिया पेझारकर येऊन गेला होता.' एवढंच. मराठीत.

भिंतीपाशी बायकांची बाजू वेगळी होती आणि पुरुषांच्या निम्मी. तिथेही आम्हाला बोळकंडीच, असं माझ्या मनात आलंच. पण आत्याचं तिकडे लक्ष नव्हतं. गर्दीतून ती पुढे पुढे सरकत गेली. पांढऱ्या रुमालाची एक बाई खुर्चीवर पुस्तक घेऊन बसली होती. तिनं वर पाहिलं, खुर्ची बाजूला ओढली आणि आत्याला जागा करून दिली. "शब्बात शालोम," ती शनिवारचं अभिवादन करत म्हणाली.

"शब्बाथ शालोम," आत्या म्हणाली.

मग तिनं कपाळ दगडाला टेकवलं, डोळ्यांवर हात ठेवला आणि शेमा म्हटला. 'शेमा इस्राएल' म्हणजे 'हे इस्राएल, ऐक', आमची सगळ्यात जुनी प्रार्थना. आत्याचा सूर होता आमच्या गावचा, शेवटचं अक्षर लांबवणारा. दोन-तीन बायकांनी वळून पाहिलं. तिनं चिठ्ठी दगडाच्या फटीत दाबली, बोटानं आत ढकलली. मी रडले. उघड उघड, नाक ओढत रडले.

"बघितलंस?" बाहेर आल्यावर आत्या मला तीनदा म्हणाली. "सरकली ती. जागा दिली."

आता वाटतं, तिथूनच परत फिरायला हवं होतं.

पण आत्याचे गुडघे बोलायला लागले होते. वर यहुदी मोहल्ल्याच्या शांत गल्लीत एका घराच्या पायरीवर आम्ही टेकलो. मी गळ्यातला कॅमेरा सरळ केला. हो, माझ्या गळ्यात कॅमेरा होता. भिंतीपाशी मी शनिवार म्हणून फोटो काढला नव्हता, पण कॅमेरा होता.

मागचं दार उघडलं. सत्तरीची एक ठेंगणी बाई, डोक्याला निळा रुमाल, गोरी गुलाबी. आम्ही उठायला लागलो तर तिनं खुणेनं बसा म्हटलं.

"इंडिया?" तिनं आत्याच्या साडीकडे बघून विचारलं. इंग्रजी अमेरिकन वळणाचं होतं.

"हो."

"वा! वा! इंडियाची माणसं फार मायाळू असतात." मग ती जरा थांबली. आकाशाकडे बघून, जणू काही हवेबद्दल बोलावं तसं, म्हणाली, "आमच्या खालच्या स्वयंपाकघरात फार काळोख झालाय. बटणाला कुणाचा तरी धक्का लागला. माझे यजमान खाली आहेत. त्यांना कमी दिसतं, आणि पायऱ्या उंच आहेत."

पुढे काहीच नाही. ती तशीच उभी राहिली.

"काय म्हणते?" आत्यानं विचारलं.

"म्हणते, खाली काळोख झालाय."

"काळोख झालाय? एवढंच?"

"एवढंच."

"लाव म्हणाली नाही ना?"

"नाही."

आत्या हसायला लागली. खदखदून, मांडीवर थाप मारून. "अगो बाय, ही तर आई! डिट्टो आई! कुडापाशी उभी राहून..."

आणि तिचं हसू थांबलं. मी बघत होते. तिनं त्या बाईकडे पाहिलं, स्वतःच्या साडीकडे पाहिलं.

"म्हणजे आपण हिरू," ती म्हणाली.



"सांग तिला," आत्या म्हणाली. "म्हणावं, आज शनवार आहे. म्हणावं, आम्हीपण यहुदी. आम्हाला नाही चालत. नीट सांग, चढू नको."

मी नीट सांगितलं. शपथेवर सांगते, पहिल्यांदा मी नीटच सांगितलं.

त्या बाईच्या भुवया वर गेल्या. तिनं आत्याचा पदर पाहिला, माझा पंजाबी ड्रेस पाहिला आणि माझा कॅमेरा पाहिला.

"यहुदी? तुम्ही?" ती म्हणाली. आणि मग अगदी गोड आवाजात, डोकं एका बाजूला कलतं करून, "तुमची खात्री आहे ना, बाळ?"

या गोष्टीला आता पंचवीसहून जास्त वर्षं झाली. माझी आई गेली, आत्या गेली, माझ्या डोक्याचे केस पांढरे झाले. पण ते 'खात्री आहे ना' आठवलं की अजून माझ्या कानशिलाची शीर उडते. शिवी दिली असती तर परवडली असती. शिवीला उत्तर देता येतं.

"म्हणजे काय?" मी म्हणाले.

"रागावू नका. तुमच्यातल्या लोकांचं थोडं वेगळं असतं ना? मी वाचलं होतं कुठेतरी. असू दे, असू दे. दुसरं कुणी येईल, मी थांबते." खालून काहीतरी पडल्याचा आवाज आला. पाठोपाठ खोकला. "फक्त ते पडायला नकोत," ती म्हणाली.

मग मी चढले. बाबांचं सगळं सगळं त्या गल्लीत ओकले. दोन वर्षं, ती कचेरी, ते लग्न, पणजीचा कागद. "माझ्या बापाला तुम्ही लोकांनी दारातून परत पाठवलंत," मी ओरडत होते. "आमचे घाणे दोन हजार वर्षं शनिवारी थांबले! तुमच्या घरी बटणं नव्हती तेव्हापासून!" समोरच्या खिडकीतून कुणीतरी डोकावलं. ती बाई मान हलवत ऐकत होती. समजूतदारपणे. वेड्याचं ऐकावं तसं.

"हो ना, बाळ," ती म्हणाली. "हो ना."

"नाओमी, चल," आत्यानं माझी ओढणी धरली. "चल इथून."

मी ओढणी सोडवून घेतली.

"दिवाच हवा ना तुम्हाला? हा घ्या दिवा!"

आणि मी आत शिरले. धाडधाड त्या उंच पायऱ्या उतरले, भिंत चाचपली आणि बटण दाबलं. दाबलं म्हणजे हाणलं. उजेड झाला. टेबलापाशी एक म्हातारे गृहस्थ काळी टोपी घालून डोळे किलकिले करत बसले होते, पायाशी सांडलेला कप. "धन्यवाद," ते म्हणाले. फार सभ्यपणे म्हणाले.

मला वाटलं होतं, तिला लाज वाटेल. मला वाटलं होतं, मी बटण दाबून तिच्या तोंडात मारतेय. वर आले तर ती बाई खुललेली होती. तिनं माझे दोन्ही हात हातात घेतले.

"देव तुझं भलं करो," ती म्हणाली. "बघ, मला वाटलंच होतं."

तिनं कागदी रुमालात गुंडाळलेला केकचा तुकडा माझ्या हातात कोंबला आणि दार लावून घेतलं.

मी वळले. आत्या पायरीवरून उठून गल्लीच्या मध्यावर उभी होती. तिनं केककडे पाहिलं.

"कुठलं बटण होतं?"

"स्वयंपाकघरातलं."

"एकच?"

"एकच."

ती चालायला लागली. येशूच्या थडग्याची पाटी आली तेव्हा मी म्हटलं, आत्या, तू बघू म्हणाली होतीस. ती थांबली नाही. बाजाराच्या चढावर तिनं माझा दंड धरला नाही, कठड्याला धरून चढली. केक मी एका दुकानाबाहेरच्या डब्यात टाकला. ते तिनं पाहिलं की नाही, मला माहीत नाही.

मी स्वतःची बाजू मांडत होते. म्हातारा पडला असता. तिनं तो कॅमेरा पाहूनच आम्हाला परकं धरलं असेल, साडीमुळे नसेल. बँकेत मी शनिवारी अर्धा दिवस बटणंच दाबते, त्यात नवीन काय? आणि 'खात्री आहे ना' म्हणजे काय, हा कुठला प्रश्न? अर्धा रस्ता मी बोलत होते. आत्या एकदाच म्हणाली, "तुला राग आला होता. दिसला मला."

हॉटेलच्या दारात ओगले भेटले. गटाला बेथलेहेमला पाठवून ते मागे थांबले होते. "काय काकू, झालं ना मनासारखं दर्शन? बघा, उगाच सकाळी तणतण केलीत." मला त्यांचा गळा धरावासा वाटला. आत्या म्हणाली, "झालं हो. छान झालं." आणि जिना चढायला लागली. मी या वेळी लिफ्टकडे गेले नाही. तिच्या मागे दोन पायऱ्या ठेवून चार मजले चढले.

आत्यानं शुक्रवारी संध्याकाळी न्हाणीघरातला दिवा शनिवारसाठी चालू ठेवला होता. सकाळी बाहेर पडताना मी तो सवयीनं बंद केला होता. तेव्हा ती काही बोलली नव्हती.

डिसेंबरात तिथे लवकर अंधारतं. आत्या खिडकीशी खुर्ची घेऊन बसली, गुडघ्यांवर हात ठेवून. मी पलंगाच्या कडेला बसले. खाली रस्त्यावर एकही मोटार नव्हती. लांब तटाचा दगड आधी केशरी झाला, मग राखाडी झाला, मग दिसेनासा झाला. खोलीत आधी कपाट गेलं, मग बॅगा. मला आत्याचा चेहरा दिसत नव्हता, फक्त पदराची कड दिसत होती. आकाशात तीन तारे दिसले की शनिवार संपतो. अर्धा तास उरला असेल. मी मनाशी ठरवलं, या अर्ध्या तासात मी हलणार नाही. तिच्याबरोबर बसून राहीन. मला वाटलं, तेवढ्यानं काहीतरी भरून येईल.

"काय गो," आत्या म्हणाली.

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. ती खिडकीकडे बघून बोलत होती, आकाशाकडे. आवाजात राग नव्हता. शेजारणीशी बोलावं तसा मऊ, परका आवाज होता.

"आमच्याकडं काळोख झालाय."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. मी थांबले. ती पुढे काही बोलली नाही. वाट बघत राहिली.

मी उठले. मला रडायचं होतं, ओरडायचं होतं, आत्या मी घरचं माणूस आहे असं म्हणायचं होतं. आयुष्यभर तोफ म्हणवून घेतलेल्या माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. दारापर्यंत गेले, भिंत चाचपली आणि बटण दाबलं.

"देव तुझं भलं करो," आत्या म्हणाली.

खिडकीबाहेर अजून एकही तारा नव्हता.